भुशावरची फरशी

आमच्या घरातल्या लांब खोलीत चार खड्डे होते. कमरेइतके खोल, बाजूंनी विटा लावलेले आणि बसून बसून काठ गुळगुळीत झालेले. विणकराचं घर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगायला हवं, की आमच्याकडचा माग जमिनीत रोवलेला असतो. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली सोडतो, पायांनी खालच्या पट्ट्या दाबतो आणि वर हातानं धोटा फेकतो. आजोबांच्या वेळी चारही माग चालत. मी कळता होईपर्यंत दोन उरले होते, मग एक. तरी दुपारी जेवून अंग टाकलं, की त्या एका मागाची खटखट जमिनीतून उशीपर्यंत येई आणि तिच्यावर झोप लागे. पुढं तीही थांबली. बाबा बाजारातल्या एका कापड दुकानात नोकर म्हणून गादीवर बसू लागले. दिवसभर परक्या गिरणीचं कापड हातावर उलगडून दाखवायचे आणि संध्याकाळी घरी आल्यावर कधी कधी त्या लांब खोलीच्या दारात नुसते उभे राहायचे. आई म्हणायची, "आत या नं जी, भात निवून राहिला." तेव्हा कुठं ते हलत.

खोल्या भाड्यानं द्यायची कल्पना आईची. भंडाऱ्यात कॉलेज होतं, दवाखाना होता, सरकारी कचेऱ्या होत्या, आणि खेड्यांतून येणाऱ्या माणसांना राहायला जागा नव्हती. बाबांनी लांब खोलीत भिंती घालून एकेक खोली पाडायला घेतली. पण भिंती घालण्यापेक्षा खड्डे बुजवणं कठीण होतं, आणि त्यात त्यांनी जी चिकाटी दाखवली ती मला त्या वयात वेडेपणाची वाटे. खड्ड्यात वीतभर मुरूम टाकायचा. त्यावर पाणी मारायचं. लाकडी धुमस घेऊन ठोकायचं, धुमस वर उडू लागेपर्यंत. मग दुसरा थर. असा खड्डा तोंडाशी आला, की वर फरशी घालायची नाही. एक पावसाळा तसाच जाऊ द्यायचा. "जमीन तिच्या मनानं बसते," बाबा म्हणत, "आपल्या मनानं नाई." पावसाळ्यानंतर तो भाग खरोखर दोन बोटं खाली गेलेला असे. मग उरलेला मुरूम, मग वाळू, मग फरशी. आणि सगळं झाल्यावर बाबा आपली वळकटी घेऊन त्या खोलीत एकदा झोपायला जात. कुठून पाणी गळतं, छपराचा कोणता कवेलू सरकलाय, शेजारच्या खोलीतलं बोलणं किती ऐकू येतं, हे त्यांना स्वतः कळायला हवं असे.

आज मी स्वतः घरमालक आहे. गावात कुणी खोल्या बांधायला काढल्या, की मला विचारायला येतात. निवृत्तीचे पैसे हाती आलेले मास्तर येतात, शहापूरकडं रस्त्यालगत प्लॉट घेतलेले शेतकरी येतात. मी सांगतो ते सगळं बाबांचं आहे. प्रत्येक खोलीला वेगळं मीटर ठेवा, नाहीतर भाडेकरूंची भांडणं तुमच्या दारात येतील. करार लिहून घ्या आणि पोलिसांकडं नोंद करा, माणूस कितीही ओळखीचा असला तरी. भाडेकरू घरात नसताना त्याच्या खोलीचं कुलूप उघडू नका. डिपॉझिट तुमचं नाही. ते खर्चू नका, आणि माणूस जाईल त्याच दिवशी त्याच्या हातात द्या. घर रिकामं ठेवू नका, बंद खोली लवकर म्हातारी होते. "पाहून सांगतो" म्हणून जाणाऱ्यासाठी खोली अडवून ठेवू नका, तो परत येत नसतो. आणि ज्या खोलीत तुम्ही स्वतः झोपून पाहिलेलं नाही ती दुसऱ्याला देऊ नका. लोक मान डोलावतात. कुणी म्हणतं, "तुमच्या वडिलांकडून शिकावं." मी हो म्हणतो. ही शेवटची गोष्ट मी कशी शिकलो ते मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही.

तीन खोल्या झाल्यावर आमचं घर बदललं. मागाच्या जागी दुसरे आवाज आले. पहिल्या खोलीत एसटीचा कंडक्टर राही. तो पहाटे उठून स्टोव्हला पंप मारी आणि पंप मारता मारता थांब्यांची नावं पुटपुटे. दुसरीत कॉलेजची मुलं. त्यांचा रेडिओ आणि त्यांची करपलेली भाजी, दोन्ही एकाच वेळी आमच्याकडं येई. मग आई वाटीत लाखोळीचं वरण घालून माझ्या हाती देई, "जाय, देऊन ये त्या लेकरायले. काय जाळून राहिले कोन जाणे." भाडेकरूंसाठी घरात दोन कायदे होते. बाबांचा कायदा असा, की खोलीत मुसळ चालवायचं नाही. कांडण-कुटण अंगणातल्या उखळात. आईचा कायदा असा, की भाडेकरू घर सोडून निघाला, की त्याच्या घरच्या बाईची ओटी भरायची. तांदूळ, नारळ, आणि त्या तांदळांवर डिपॉझिटचे पैसे. "आपल्या घरून लेक जाते तशी गेली पाहिजे," ती म्हणे. जाणारी बाई त्यातले चार दाणे परत आमच्या उंबऱ्याच्या आत टाकी आणि मग रिक्षात बसे.

चौथा खड्डा तसाच होता. तो आजोबांच्या मागाचा. बाबा तो बुजवायला धजत नव्हते. वर फळ्या टाकून त्यांनी तो झाकला होता. मी त्या वर्षी बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षाला आपटलो होतो आणि दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाहत होतो. बाबांचं पोटाचं दुखणं वाढलं, नागपूरला ऑपरेशन ठरलं, आणि जाण्याआधी त्यांनी मला त्या खोलीत नेलं. फळ्या बाजूला केल्या. "हा आता तू बुजव, मधू," ते म्हणाले. "मुरूम आन, थर दे, ठोक. दिवाळीपर्यंत तसाच ठेव. मग पाहू." नापास मुलाच्या हाती त्यांनी आपल्या वडिलांचा माग दिला होता. हे मला तेव्हा कळलं नाही. मला एवढंच कळलं, की काम कंटाळवाणं आहे.

पावसाला सुरुवात झालेली होती. मुरमाचा ट्रॅक्टर खाणीच्या चिखलात फसेल म्हणून कुणी यायला तयार होईना. निदान ट्रॅक्टरवाल्यानं पहिल्यांदा नाही म्हटलं तेव्हा मी दुसऱ्याकडं गेलो नाही, हे खरं. कॉलेजचे प्रवेश सुरू होते. गल्लीत रोज कुणीतरी पोरगा-पोरगी घेऊन खोली शोधत फिरे. माझ्या मनात आलं, की बाबा परत येतील तेव्हा खोली तयार असावी, त्यात भाडेकरू असावा, आणि बाबांनी म्हणावं, पोरगा अगदीच वाया गेलेला नाही. आमच्या घरामागं थोड्या अंतरावर राईस मिल होती. तिच्या मागं धानाच्या भुशाचा डोंगर पडलेला असे, कुणीही न्यावा. मी हातगाडी आणली आणि भुसा आणून आणून खड्डा भरला. पायांनी तुडवला. तुडवताना तो मऊ मऊ दबे आणि मला मजा वाटली. वर विटांचे तुकडे पसरले, वाळू टाकली, आणि ओळखीच्या मिस्त्रीला बोलावून फरशी घालून घेतली. त्यानं विचारलं, "खाली भराव पक्का आहे नं भाऊ?" मी म्हटलं, "बाबानं करून ठेवला." फरशी इतकी सपाट बसली, की ती खोली चारही खोल्यांत देखणी दिसू लागली. आई नागपूरला बाबांजवळ होती. मला विचारणारं घरात कुणी नव्हतं.

गिरजाबाई चिखल्याची. तिचा नवरा मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली कामाला होता. वंदना त्यांची एकुलती एक मुलगी, बारावीला सायन्स घेतलेली. पोरीला नर्स करायचं, असं त्या माणसानं ठरवलं होतं. त्यासाठी नवऱ्यानं कॉलनीत हातानं रांधून खायचं, आणि बायकोनं पोरीला घेऊन भंडाऱ्यात राहायचं, असं त्यांनी घर दोन ठिकाणी तोडून घेतलं होतं. गिरजाबाई उंच, सावळी, भराभर बोलणारी बाई. खोली पाहिली आणि म्हणाली, "खोली त गुळगुळीत आहे वो बाप्पा. पाय घसरते का काय!" वंदना हसली. मी भाडं सांगितलं, तिनं घासाघीस केली नाही. बाबा-आई परतले तेव्हा चौथ्या खोलीच्या दारात रांगोळी होती. बाबा काठी टेकत आले, फरशीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "मुरूम भेटला पावसात?" "भेटला." "ठोकला?" "ठोकला." "दिवाळीपर्यंत थांबाले सांगितलं होतं." "लोकं विचारून राहिले होते बाबा." ते म्हणाले, "चांगलं केलं." त्यांना वाकता येत नव्हतं, नाहीतर त्यांनी बोटांनी फरशी ठोकून पाहिली असती.

गिरजाबाई आली आणि घराला वास आले. ती जवसाची चटणी करी, निखाऱ्यावर वांगी भाजी, सुकट परती. शनिवारी नवरा येई तेव्हा पातोड्यांचा रस्सा. बाबांना पथ्य होतं, तरी ती वाटी धाडी. आई म्हणे, "नका देऊ वो बाई, त्यायले जमत नाई." "वास घ्याले त जमते नं!" बाबा त्या आजारपणात पहिल्यांदा हसले ते या बोलण्यावर. वंदना दुपारी अंगणात पुस्तक घेऊन बसे आणि हाडांची नावं घोकी.

पोळ्याच्या आधी पाऊस लागून राहिला. वैनगंगा भरली, गल्लीतल्या विहिरीचं पाणी हाताला लागू लागलं. एके दिवशी गिरजाबाई मला ओट्यावर गाठून म्हणाली, "भाऊ, फरशी पोकळ वाजून राहिली. कोपऱ्यात पाय दिला की ढब करते." मी म्हटलं, "नवी आहे, बसन." पुढं ती पुन्हा म्हणाली, "आंबूस वास येऊन राहिला जी खालून." मी म्हटलं, "पावसाचा आहे." दोन्ही वेळा मला माहीत होतं, खाली काय आहे.

आणि मग ती दुपार. मी रेडिओला कान लावून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत होतो. गिरजाबाई सुपात मिरच्या घेऊन आली. "भाऊ, आंगनात उखळात पानी भरलं. आज एक दिवस खोलीत कुटू का? मिरच्या ओल्या होऊन राहिल्या, बुरशी लागन." मला खड्डा आठवला. अगदी स्पष्ट आठवला. पण नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं. मी रेडिओवरचा कान न काढता म्हटलं, "हाव, कुटा नं." "बाबूजीले सांगजा हो. नाई त म्हणतीन, बाईनं कायदा मोडला." "सांगतो." मी सांगितलं नाही. तिनं छोटं दगडी उखळ आत नेलं, आणि थोड्या वेळानं जमिनीतून ठक ठक येऊ लागली. मागाची खटखट येई तशीच उशीपर्यंत. मिरचीच्या ठसक्यानं आईला शिंका आल्या.

फरशी त्या दिवशी फुटली नाही. काही दिवसांनी फुटली, सकाळी, वंदना कॉलेजला निघायच्या घाईत असताना. गिरजाबाई भात पसवत होती. पातेलं दोन्ही हातांत धरून ती पेज ओतायला वळली आणि पायाखालची फरशी एका बाजूनं खाली गेली. ती गुडघ्यापर्यंत आत. उकळती पेज पायावर. ती ओरडली तसं मी पूर्वी कुणाला ओरडताना ऐकलं नव्हतं. कंडक्टरनं आणि वंदनानं तिला ओढून बाहेर काढलं. आईनं पायावर पाणी ओतलं. बाबा काठी टेकत आले आणि तुटक्या फरशीकडं पाहत उभे राहिले. "अशी कशी फुटन?" ते म्हणाले.

मी म्हणालो, "खोलीत मुसळ चालवतात त्या."

गिरजाबाईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ती बाबांकडं वळून म्हणाली, "एक डाव कुटलं बाबूजी. देवाशप्पथ, एकच डाव. भाऊले पुसून."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. वंदनानंही. मी म्हटलं, "मले नाई पुसलं."

बाबा नियमाचे माणूस होते. त्यांनी तिचा पाय बरा होईपर्यंत राहा म्हटलं असतं, पण ती खोली राहण्याजोगी उरली नव्हती आणि दुसरी रिकामी नव्हती. ते एवढंच म्हणाले, "सांगितलं होतं बाई. घराचा कायदा उगाच नसते." त्यांनी आठ दिवसांत दुसरी जागा पाहायला सांगितलं. नर्सिंगचं स्वप्न पाहणाऱ्या पोरीला परीक्षेपर्यंत गावात खोली मिळणं, एवढंच त्या बाईला हवं होतं. पायाला फडकं बांधून ती लंगडत आमच्या गल्लीतली घरं फिरली. पण गल्लीत बातमी तिच्या आधी पोचलेली होती. समोरच्या तुळसाकाकूंनी तर ओट्यावरूनच सांगितलं, "आमची फरशी जुनी आहे वो. तुह्या मुसळाले जागा नाई इथं." पोरं हसली. मी ते ओट्यावर बसून ऐकलं. त्या क्षणी उठून चार पावलं टाकायची होती. मी वर्तमानपत्र उघडलं.

जागा न मिळता त्या चिखल्याला परत निघाल्या, त्या दिवशी आईनं ओटी भरली. बाबांनी डिपॉझिट फरशीच्या खर्चासाठी ठेवून घेतलं होतं, त्यामुळं तांदूळ आणि नारळच होता. आईची मान वर होत नव्हती. गिरजाबाईनं पदर पुढं केला, मग चार दाणे उचलून आमच्या उंबऱ्याच्या आत टाकले. "भरलं राहो जी घर," ती म्हणाली. नेहमीचंच वाक्य, प्रत्येक बाई म्हणते. वंदना रिक्षात पुस्तकांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती.

पंधरवडा गेला असेल. बाबांना आता वाकता येत होतं. मी बाहेर गेलेला असताना त्यांनी स्वतःच सब्बल घेऊन बाकीच्या फरशा उचकटल्या. मी आलो आणि जेवायला बसलो. आईनं भात वाढला, वर वरण घातलं. बाबा आतून आले. त्यांच्या मुठीत काहीतरी काळं, ओलं होतं. ते माझ्या ताटाशेजारी बसले आणि मूठ ताटाच्या कडेला उघडली. कुजलेला भुसा. त्यातून पांढऱ्या बुरशीचे धागे निघालेले. तो आंबूस वास भाताच्या वाफेत मिसळला. बाबा ओरडतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "जेव."

मला जेवता आलं नाही. ते उठेपर्यंत मी हात ताटात धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टोपी घातली आणि समोरच्या ओट्यावर जाऊन साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तुळसाकाकूंना सांगितलं, "वहिनी, फरशी मुसळानं नाई फुटली. माह्या पोरानं खड्ड्यात भुसा भरला होता." गल्लीनं माझं नाव त्या दिवसापासून भुसा ठेवलं. "काय बे भुसा, कुठं चालला?" कितीतरी वर्षं हे चाललं. माझ्या लग्नात एकानं आहेरावर सुद्धा तेच लिहिलं. मी हसत असे. मला वाटे, ही शिक्षा आहे आणि मी ती भोगतो आहे, म्हणजे हिशेब संपत आला. तसं नव्हतं.

बाबा मला घेऊन चिखल्याला गेले. तुमसरपर्यंत एसटी, तिथून खाणीकडं जाणारी जीप. ऑपरेशनची जखम दुखे म्हणून ते प्रत्येक खड्ड्याला पोटाला हात लावत. कॉलनीत एकासारखी एक घरं, छपरांवर काळी धूळ. गिरजाबाईचा नवरा नुकताच पाळीवरून आला होता, दाराशी साबणानं हात घासत होता आणि हात काळेच राहत होते. त्यानं आम्हाला खाट टाकून दिली. गिरजाबाई आतून आली, लंगडत. बाबांनी टोपी काढली, हात जोडले. "गिरजाबाई, चूक आमची होती. खाली भुसा होता. मले माहीत नव्हतं." त्यांनी डिपॉझिट खाटेवर ठेवलं. आईनं दिलेलं लुगडं ठेवलं. मग म्हणाले, "खोली नीट करून देतो. माझ्या राहत्या घरात या तोपर्यंत. भाडं नको. पोरीचं साल वाया जाऊ देऊ नका."

नवरा टॉवेलला हात पुसत म्हणाला, "कालेजातून नाव काढलं जी तिचं. जागा भेटली नाई, मी काय करू? मामाकडं शिवण शिकाले धाडून राहिलो."

वंदना पाण्याची घागर घेऊन दारात उभी होती. मला पाहून ती घागरीसकट आत गेली.

बाबांनी मग माझ्याकडं तोंड केलं. "यायनं सांगितलं होतं, तुले पुसून कुटलं. पुसलं होतं का?"

भुशाचं सगळ्यांना कळलंच होतं. त्यावर आणखी एक वाक्य बोलून मी मोकळा झालो असतो. पण पुसलं नाही हे खोटं माझं स्वतःचं होतं. भुसा ही चूक होती. ती आळसानं, घाईनं होते. ते दुसरं मी डोळे उघडे ठेवून, त्या भाजलेल्या बाईच्या तोंडावर बोललो होतो, आणि ते माझ्या बापाला कळावं हे मला सहन होईना. मी खाटेच्या सुतळीकडं पाहत म्हटलं, "मले आठवत नाई."

मग गिरजाबाईच म्हणाली, "नसन पुसलं बाप्पा. कामाच्या धांदलीत मलेच वाटलं असन. जाऊ द्या बाबूजी. बसा, भात टाकते." आणि तिनं आम्हाला जेवू घातलं. लाखोळीचं वरण, भात, जवसाची चटणी. मी ते जेवलो. परतताना जीपमध्ये बाबा पोटावर हात धरून बाहेर पाहत होते. त्यांना कळलं होतं की नाही हे मला अजून माहीत नाही. पुढं ते वारले, त्याआधी चाव्यांचा जुडगा त्यांनी माझ्याच हाती दिला होता.

चौथा खड्डा मी नंतर मुरूम आणून भरला. धुमस वर उडेपर्यंत ठोकला. दिवाळी गेली, पुढचा पावसाळाही जाऊ दिला. आज तिथं टाइल्स आहेत, वेगळं मीटर आहे, भाडं मोबाईलवर येतं. घरावर वरचा मजला चढलाय. दरवर्षी प्रवेशांच्या दिवसांत गल्लीत आई-बाप आपल्या पोरा-पोरींना घेऊन फिरतात आणि बहुतेक सगळे माझ्याकडं येऊन जातात.

यंदा एक बाई आली, सोबत मुलगी. मुलगी फार्मसीला लागली होती. मी चौथी खोली उघडली. मुलगी मोबाईलवर फोटो काढू लागली. बाईनं खोलीकडं पाहिलंच नाही. ती एका कोपऱ्यात गेली, चप्पल काढली आणि टाच जमिनीवर आपटली. मग दुसऱ्या कोपऱ्यात. मग मधोमध. मुलगी हसून म्हणाली, "काका, मनावर घेऊ नका. ही आमच्या आजीची सवय. लग्नाचा हॉल पाहायला गेलो तरी आई ठोकून पाहते."

मी दाराची चौकट धरली.

"मधुकरभाऊ नं तुम्ही?" वंदना म्हणाली. केस पांढरे झाले होते. आवाज आईचा होता.

"हाव."

"मले वाटलंच. घर बदललं, पण गल्ली तीच आहे." ती मुलीला म्हणाली, "जाय, नळाले पानी किती येते पाहून ये." मुलगी गेल्यावर ती म्हणाली, "आई गेली. दोन-तीन साल झाले. शेवटी शेवटी लय विसरे, माणसं ओळखे नाई. पण एक गोष्ट धरून बसली होती. कधीही पुसे, वंदे, मी त्या पोराले पुसलं होतं का वो? का मलेच वाटते पुसलं म्हणून? म्या पोरीचं साल घालवलं का? मी काय सांगू? मी त कालेजात होती त्या दिवशी." तिनं टाचेनं पुन्हा एकदा जमीन दाबली, सहज. "म्हणून आता पुसते. पुसलं होतं का तिनं?"

नळाचं पाणी बादलीत पडत असल्याचा आवाज येत होता.

"पुसलं होतं," मी म्हणालो. "मी हाव म्हटलं होतं. बाबूजीले सांगा, असंही म्हटलं होतं तिनं."

वंदना माझ्याकडं पाहत राहिली. रागानं नाही. एखादा पत्ता फार वर्षांनी सापडावा आणि तिथं आता कुणी राहत नसावं, तसं. मग तिनं चपला घातल्या.

मुलगी धावत आली. "आई, पाणी मस्त आहे. घ्यायची का ही?"

"भराव पक्का आहे," वंदना म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "पाहून सांगते."

मी त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेलो. ऑटो आला, त्या बसल्या. नंबर मी मागितला नाही, तिनं दिला नाही.

कॉलेजं सुरू होऊन बरेच दिवस झाले. चौथ्या खोलीसाठी अजून लोक येतात. मी त्यांना ती दिलेली आहे असं सांगतो.